फोटोत डावीकडून तिसरी

ती. आई-बाबांना,
सा. न.

समलैंगिकांच्या प्राइड मोर्चाबद्दल रविवारी फोनवर "मोर्चा छान झाला" एवढंच म्हटलं आणि विषय बदलला. झालं होतं बरंच काही, म्हणून हे पत्र.

बाबा, "जा, पण फोटोत येऊ नकोस," असं तुम्ही बजावलं होतंत. मी ऐकलं. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. आजूबाजूचे गालांवर सहा रंगांचे पट्टे ओढून नाचत होते आणि मी मधल्या रांगेत चोरासारखी. फलक मीच रंगवला होता, तो नीट वाळला नव्हता. तळहात जांभळा झाला.

शिव्या पडणार हे धरूनच गेले होते. मोटारसायकलवरचे दोघं ओरडून गेले, त्याचं काही वाटलं नाही. पण एक काका, बाबा, तुमच्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, अगदी जवळ आले. आवाज न चढवता म्हणाले, "काय गं, आई-बाप मेले का तुझे? आजार आहे हा. डॉक्टरला दाखवलं नाही कोणी?"

जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजीच वगळलंय. आई, तू मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होतीस तेव्हा तुझ्यासाठीच ही तारीख पाठ केली होती. ऐन वेळी आठवली नाही. "नाही हो, दोघंही आहेत," एवढंच तोंडून निघालं आणि फलक आपोआप खाली गेला. आवाज फार ओळखीचा होता हो.

मागच्या रांगेतल्या मुलाने पाण्याची बाटली पुढे केली आणि चालता चालता जीन मॅनफर्डची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमधली शाळामास्तरीण. १९७२ मध्ये तिच्या गे मुलाला, मॉर्टीला, मारहाण झाली. बाईंनी थेट वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि जूनमध्ये हातात फलक घेऊन लेकाबरोबर मोर्चात चालल्या. लोक जल्लोष करायला लागले, तर यांना वाटलं, मागून येणाऱ्या त्या प्रसिद्ध बालरोगतज्ज्ञ डॉ. स्पॉकसाठी चाललाय! पोरं जवळ येऊन विनवत होती, "माझ्या आई-वडिलांशी बोलाल का?"

त्या बाई २०१३ मध्ये गेल्या. तेव्हा तुमच्याशी मलाच बोलायला हवं.

पुढच्या चौकात मी मास्क खाली ओढला. गुदमरत होतं, असं मैत्रिणीला सांगितलं. तुम्हाला खोटं कशाला सांगू? तसं काही नव्हतं.

फोटो सोबत पाठवतेय. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. मास्क हनुवटीवर आहे, त्यामुळे ओळखू येईन. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी रागावणार नाही, पण मला कळवा.

आणि आई, हाताचा जांभळा रंग साबणाने जात नाहीये. काय लावू?

तुमची,
धाकटी