जुन्या सायकलला घाटाचे गिअर

पुणे,
५ ऑक्टोबर

प्रिय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. कासला निघालास, यवतेश्वरच्या घाटात अर्ध्या वाटेवर सायकलवरून उतरलास आणि उरलेला चढ सायकल हातात धरून चाललास, तेव्हा मागून आलेल्या कॉलेजच्या एका मुलाने थांबून "काका, पाणी हवे का?" असे विचारले, हे वाचून मी आधी हसलो आणि मग गप्प झालो, कारण चार वर्षांपूर्वी सिंहगडाच्या रस्त्यावर माझी हीच अवस्था झाली होती, फक्त मला पाणी विचारणारी एक दहीवाली आजी होती. मात्र पत्राच्या शेवटी "आता वय झाले, सायकल विकून टाकतो" असे जे तू लिहिले आहेस, ते मला मान्य नाही. तुझ्या पायांत काय कमी आहे ते मी सांगू शकत नाही. तुझ्या सायकलच्या गिअरांत काय कमी आहे ते सांगू शकतो, आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहे.

तू पाठवलेली छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. पुढे ५२ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या, मागे १२ ते २५ दातांची नऊ चकत्यांची कॅसेट, आणि शिमानो कंपनीचा रस्त्याच्या सायकलींचा जुना टिआग्रा गिअरसंच. म्हणजे तुझ्याकडचा सर्वांत हलका गिअर ३९ आणि २५ यांच्या जोडीचा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक १.५६ वेळा फिरते, चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर आहे, म्हणजे एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. आता दहा टक्क्यांचा चढ धर. तुझे, सायकलचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे मिळून वजन ८६ किलो धरले (मी माझेच धरले आहे, तू काही माझ्यापेक्षा सडपातळ नाहीस), तर त्या गिअरवर मिनिटाला ६० फेरे टिकवायला ताशी बारा किलोमीटरांच्या जवळपासचा वेग आणि सुमारे ३०० वॅट ताकद लागते. मला अर्धा तास सलग १८० वॅट निघाले तरी मी स्वतःची पाठ थोपटून घेतो. तेवढ्या ताकदीत त्या चढावर वेग पडतो ताशी सव्वासात किलोमीटरांच्या आसपास, आणि फेरे पडतात मिनिटाला ३७. मिनिटाला ३७ फेरे म्हणजे सायकल चालवणे नव्हे, एकेक पायरी चढणे आहे. प्रत्येक फेऱ्यात सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जो गुडघा बोलतो तो म्हातारपणाचा नसून ३९ आणि २५ या जोडीचा असतो.

त्या काळच्या रस्त्याच्या सायकलींना असे गिअर का असत, याचे उत्तर सरळ आहे: शर्यतीत भाग घेणाऱ्यांसाठी जे बनत असे, तेच थोडे स्वस्त करून तुझ्या-माझ्यासारख्यांना विकले जात असे. हलका गिअर लावणे म्हणजे दुबळेपणाची कबुली, ही समजूत तर फार जुनी आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या नावावर असे मत सांगितले जाते, की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत. आणि त्यांच्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राला, परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. आपण दोघांनीही पंचेचाळीस केव्हाच ओलांडली आहे, तेव्हा देग्रांज साहेबांच्या नियमानेही आपल्याला मोकळीक आहे.

आता मुद्द्याचे. तुला कोणीही पहिला सल्ला देईल तो पुढचा क्रँक (पेडलांच्या दांड्या आणि पुढच्या चकत्या यांचा जोड) बदलून ५० आणि ३४ दातांचा बसवण्याचा. तो सल्ला चुकीचा नाही, पण क्रम चुकीचा आहे. पुढे ३९ ऐवजी ३४ आले तर गिअर तेरा टक्के हलका होतो. मागे २५ ऐवजी ३२ आले तर तो बावीस टक्के हलका होतो, आणि खर्च बहुधा कमीच लागतो. शिवाय तुझ्या सध्याच्या क्रँकवर ३४ दातांची चकती बसणारच नाही. चकती ज्या पाच बोल्टांनी धरलेली असते त्यांच्या वर्तुळाचा व्यास तुझ्या क्रँकवर १३० मिलिमीटर आहे, आणि त्या वर्तुळावर ३८ पेक्षा लहान चकती मावत नाही. ३४ हवी असेल तर ११० मिलिमीटरचा क्रँकच वेगळा घ्यावा लागतो. म्हणून आधी मागे बघ.

मागे कॅसेटमध्ये १२ ते २७ घेण्याच्या फंदात पडू नकोस. ती काहीही न बदलता बसेल, पण फरक आठ टक्क्यांपेक्षाही कमी, आणि यवतेश्वरला तो कळणारसुद्धा नाही. ११ ते ३२ घे. तिच्यातल्या चकत्या ११, १२, १४, १६, १८, २१, २४, २८ आणि ३२ अशा असतात. सध्याच्या तुझ्या कॅसेटमध्ये १२, १३, १४, १५ अशा एकेका दाताच्या पायऱ्या आहेत, त्या जातील, आणि याची किंमत सपाटीवर मोजावी लागेल: वाऱ्याच्या विरुद्ध जाताना एक गिअर जड वाटतो आणि दुसरा फार हलका, मधला नेमका गिअर सापडत नाही. मला सोलापूर रस्त्यावर पहिले काही महिने याची चुटपुट लागली. नंतर ती संपली, कारण मी सोलापूर रस्त्यावर कोणाशी शर्यत लावत नव्हतो.

खरी अडचण कॅसेटची नसून मागच्या डिरेलरची आहे, आणि येथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझे पैसे आणि दोन रविवार येथेच वाया गेले. तुझ्या डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा लोंबता भाग, आखूड आहे. कंपनीच्या मोजमापाप्रमाणे तो मागची २७ दातांपर्यंतची चकती झेपवतो आणि एकूण २९ दातांची ढिली चेन गोळा करतो. हा दुसरा आकडा लोक विसरतात. पुढच्या दोन चकत्यांमधला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चकतीमधला फरक यांची बेरीज त्या आकड्याच्या आत असावी लागते. तुझी आजची बेरीज १३ आणि १३ मिळून २६ आहे, म्हणून सगळे सुरळीत चालते. ३२ ची कॅसेट लावलीस की ती ३४ होईल, आणि पुढे कधी ५०-३४ चा क्रँक लावलास तर ३७. हे आखूड पिंजऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे.

तेव्हा लांब पिंजऱ्याचा डिरेलर हवा, आणि तो डोंगरी सायकलचा असला तरी चालतो. शिमानोच्या नऊ गिअरांच्या काळात रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलींचे डिरेलर केबलच्या ओढीला सारखाच प्रतिसाद देत: केबल एक मिलिमीटर ओढली की डिरेलर साधारण १.७ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे नऊ गिअरांचा जुना डिओर (शिमानोचाच डोंगरी डिरेलर) तुझ्या हँडलवरच्या, गिअर बदलायच्या टिआग्रा शिफ्टरशी बिनतक्रार जुळतो. तो ३४ दातांपर्यंत जातो आणि ४५ दातांची ढिली चेन गोळा करतो, म्हणजे तुझ्या कोणत्याही विचाराला पुरून उरेल. पण अण्णा, डब्यावर "नऊ" वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मला एका दुकानदाराने "नऊ काय आणि दहा काय, डिओर तो डिओर" असे सांगून दहा गिअरांचा डोंगरी डिरेलर दिला, आणि मीही शहाण्यासारखा तो घेऊन आलो. दहा गिअरांपासून डोंगरी डिरेलरांचे हे गुणोत्तर बदलले. शिफ्टरची एक टिकटिक झाली की तो पुरेसा सरकतच नाही. पहिला गिअर पडला, दुसरा खरखरला, तिसऱ्याला चेन दोन चकत्यांच्या मध्ये अधांतरी. मी दोन रविवार केबलचा ताण कमी-जास्त करत बसलो, घरच्यांनी जेवायला हाका मारल्या त्याही ऐकल्या नाहीत, आणि दोष स्क्रूचा नसून वस्तूचाच आहे हे तिसऱ्या आठवड्यात उमगले.

कॅसेट काढण्यासाठी चेन व्हिप (कॅसेट फिरू नये म्हणून धरायची, चेनचा तुकडा लावलेली दांडी) आणि लॉकरिंगचे, म्हणजे कॅसेट घट्ट धरणाऱ्या कड्याचे, दातेरी साधन लागते. दोन्ही माझ्याकडे आहेत. जुनी कॅसेट कधी कधी फ्रीहबच्या, म्हणजे ती चाकावर ज्या भागावर बसते त्याच्या, खाचांत रुतलेली असते, तेव्हा हलके ठोकून ती सुटते, दांडगाई करावी लागत नाही. त्याआधी एक मात्र तपासून ठेव. अगदी जुन्या सायकलींना कॅसेट नसून हबवर आट्यांनी बसवलेले फ्रीव्हील असते आणि त्याला वेगळेच साधन लागते. तुझी कॅसेटच असावी असे छायाचित्रावरून वाटते, पण चाक काढून एकदा नीट बघ.

चेनच्या बाबतीत काटकसर करू नकोस. झिजलेली जुनी चेन नव्या कॅसेटवर घसरते आणि नव्या दातांनाही लवकर खाते, म्हणून दोन्ही एकदम बदलायचे. आणि लांबी! नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून फिरवायची, टोके जेथे भेटतात तेथे आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच, जास्त धरायच्या आणि मग तोडायची. मी नवी कॅसेट लावली तेव्हा चेन नवीनच होती, म्हणून तीच ठेवली. ती २५ दातांच्या मापाने कापलेली आहे हे डोक्यातच आले नाही. खडकवासल्याच्या धरणाशेजारच्या त्या छोट्या चढावर, पुढे मोठी चकती आहे हे विसरून, मी मागे ३२ वर गिअर टाकला. चेन तारेसारखी ताणली, डिरेलर पुढे ओढला गेला आणि तो ज्या कानाला टांगलेला असतो तो कान वाकला. माझी चौकट स्टीलची असल्यामुळे मेकॅनिकने तो कान लांब दांड्याच्या साधनाने पुन्हा सरळ केला आणि मला फक्त रिक्षाचे भाडे पडले. तुझी चौकट ॲल्युमिनियमची आहे. ते वाकवून सरळ करायला गेले की बहुधा तुटते, आणि तुझ्या सायकलचा कान हा स्वतंत्र, बोल्टने बसवलेला तुकडा आहे, ज्याचा आकार प्रत्येक मॉडेलला निराळा असतो. इतक्या जुन्या मॉडेलचा तो मिळायला वेळ लागेल, तेव्हा बाकी काही घेण्याआधी तो एक शोधून घरात ठेव. चेन ढिली राहिली तर पुढच्या आणि मागच्या लहान चकत्यांच्या जोडीत नुसती लोंबते. चेन आखूड पडली तर डिरेलर जातो, प्रसंगी मागच्या चाकाचे आरेही जातात.

जोडणीचे बाकीचे काम आपण बसून करू, त्यावर शाई घालवत नाही. डिरेलरच्या मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की डिरेलरची वरची चक्री कॅसेटपासून लांब जाते. ३२ दातांची चकती आणि ती चक्री यांच्यात पाच-सहा मिलिमीटर फट राहील इतका तो फिरवायचा, एवढेच लक्षात ठेव.

क्रँक या टप्प्यावर बदलू नकोस. ३९ आणि ३२ घेऊन एक-दोन महिने घाट चढ. पेडलच्या एका फेऱ्यात सव्वातीन मीटरांऐवजी सुमारे अडीच मीटर अंतर पडते, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. मला पुरले नाही. सिंहगडाला गोळेवाडीच्या नाक्यापासून वरपर्यंत आठ-नऊ किलोमीटर चढ आहे आणि शेवटच्या वळणांवर मी पुन्हा उभा राहून पेडल मारू लागलो, म्हणून वर्षभराने ५०-३४ चा क्रँक घेतला. आता त्याच दहा टक्क्यांच्या चढावर, त्याच १८० वॅटमध्ये, मिनिटाला ५५ फेरे पडतात. हे आकडे फार देखणे नाहीत, पण ३७ आणि ५५ यांतला फरक गुडघ्याला विचार. तू पुढे क्रँक घेतलास तर जुन्या बॉटम ब्रॅकेटशी, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या चौकटीतल्या बेअरिंगशी, तो जुळतो का ते आधी पाहा, आणि बॉटम ब्रॅकेट काढायची वेळ आलीच तर उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे असतात हे विसरू नकोस. सोडवण्यासाठी ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायची असते. माझ्या ओळखीच्या एकाने ती उलट दिशेने अर्धा तास घट्ट केली आणि मग सायकल रिक्षात घालून नेली. मोठी चकती ५२ वरून ५० झाली की पुढचा डिरेलरही तेवढाच खाली घ्यावा लागतो, नाहीतर चेन वरून उडते.

वेग कमी होईल, हे खरे आहे. तो मुलगा तरीही तुझ्या पुढे जाईल. सिंहगडावर मलाही रोज कोणी ना कोणी मागे टाकते, पण मी आता वर पोहोचतो तेव्हा पिठले-भाकरी खाण्याची ताकद शिल्लक असते; पूर्वी नुसते मडक्यातले दही उतरायचे.

दिवाळीत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला येत आहे. चेन व्हिप, लॉकरिंगचे साधन, चेन तोडायचे यंत्र आणि ग्रीस घेऊन येईन. तोपर्यंत कॅसेट, नऊ गिअरांचा लांब डिरेलर, चेन, एक गिअर केबल आणि तो कान एवढे जमवून ठेव, आणि डिरेलरच्या डब्याचे छायाचित्र पैसे देण्याआधी मला पाठव. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि अंगणात जुनी वर्तमानपत्रे पसरूनच काम करू, असेही आधीच सांगून ठेव. चेन तेवढी मी येईपर्यंत कापू नकोस.

तुझा,
बाळू