फॉरमॅट मारू नका हो!

संपादक साहेब,

आमच्या जुन्या कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क गेल्या महिन्यात अडायला लागली, एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं, आणि नेमके त्यातच पोरीच्या बारशापासूनचे सगळे फोटो. दुकानवाला म्हणाला फॉरमॅट मारू, नीट होईल! डिस्क नीट होऊन काय करू, फोटो गेले ना.

भाच्याने आधी मशीन बंद करायला लावलं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघितलं तर रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यामुळे डिस्कने बदललेल्या जागा) वाढत चाललेले, म्हणजे डिस्क आतून सडतेय. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू दिलं नाही, ते मरत्या डिस्कवरच लिहायला जातं म्हणे. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) चालू करून डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने सगळी डिस्क नव्या डिस्कवर उतरवली, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागी नंतर परत परत प्रयत्न करतं. दोन रात्री लागल्या. बहुतेक फोटो आले, काहींचा खालचा अर्धा भाग नुसता राखाडी, आजीचा चेहरा आहे पण मांडीवरचं बाळ नाही.

टकटक आवाज येत असेल तर मात्र हे घरी करू नका, डिस्क सरळ रिकव्हरी लॅबला द्या. आणि दुकानवाल्यांनो, आधी 'डेटा हवाय का' एवढं तरी विचारा की.

– एक वाचक, मिरज