चित्रामागची तारीख

वॉर्सा

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, इंटरमिजिएटचं स्थिरचित्र बसलं, संकल्पचित्रही होतंय, स्मरणचित्रच जमेना. सर म्हणतात, तुझी माणसं पुतळ्यासारखी उभी राहतात." मी कामावर निघाले होते, म्हणून "सराव कर" एवढंच म्हणाले. पण रविवारी इथे एक प्रदर्शन पाहिलं आणि तेव्हापासून तुझं ते वाक्य मनातून जात नाही. म्हणून हे पत्र.

प्रदर्शनाचं नाव आहे 'आई, मला युद्ध नको'. 1946 साली पोलंडच्या शाळांमधल्या मुलांकडून युद्धाच्या आठवणींची चित्रं काढून घेतली होती. ती हजारो चित्रं वॉर्साच्या अभिलेखागारात आजवर जपून ठेवली आहेत. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर मोठं आक्रमण केलं, त्यानंतर युक्रेनच्या मुलांची चित्रंही इंटरनेटवरून गोळा होऊ लागली. प्रदर्शनात ही दोन्ही शेजारी शेजारी लावली आहेत. जळतं घर, वर विमान, खाली हात वर केलेली माणसं. खालच्या पाट्या झाकल्या तर कुठलं चित्र कुठल्या सालचं हे सांगणं अवघड. विमानाच्या पंखावरचं चिन्ह तेवढं वेगळं.

माझ्याबरोबर ऑफिसातली एक मैत्रीण होती, खारकिवची. ते शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम 30-35 किलोमीटरवर आहे. भोंगा वाजायच्या आधीच क्षेपणास्त्र येऊन पडतं, असं ती सांगते. तिचा भाचा मेट्रोच्या भुयारी स्थानकात शाळेला जातो. तिथे 2023 च्या सप्टेंबरपासून असे वर्ग भरतात. युद्ध सुरू झालं तेव्हा लोक त्याच फलाटांवर अंथरुणं टाकून आठवडेच्या आठवडे राहिले होते. मुलं तिथेच चित्रं काढायची.

एका चित्रापाशी मात्र आम्ही दोघी थांबून राहिलो. चौकडीच्या वहीचा फाडलेला कागद. मधोमध एक अरुंद बोळ, घरातला. त्यात तीन माणसं आडवी आणि एक मांजर. बोळाच्या पलीकडची खोली काळ्या रंगाने गच्च भरलेली, तिच्या खिडकीवर पिवळी फुली. मला वाटलं, फुली म्हणजे खोडलंय. मैत्रीण म्हणाली, नाही गं, काच फुटून उडू नये म्हणून चिकटपट्टी लावतात ती. आणि बोळात झोपायचं कारण 'दोन भिंतींचा नियम'. तळघर जवळ नसेल तर आपल्यात आणि बाहेरच्यात दोन भिंती तरी हव्यात. पहिली भिंत स्फोट झेलते, दुसरी उडणारे तुकडे. त्या पोराने दोन्ही भिंती पट्टी धरून, दोनदा गिरवून काढल्या होत्या. मांजर माणसांपेक्षा मोठं होतं. प्रमाण चुकलं असं तुझे सर म्हणतील. मला ते अगदी बरोबर वाटलं. रात्रभर कुशीत धरायला तेच असेल, तर ते मोठंच असणार.

सोहम, आपल्या वळिवड्याच्या छावणीची गोष्ट आबा सांगतात ना? 1943 ते 48 या काळात कोल्हापूरजवळ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने सैबेरियाकडे हाकललेली, इराणमार्गे आपल्याकडे पोचलेली. त्यांतली काही ल्विव्हच्या आसपासची होती. ल्विव्ह युद्धाआधी पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिने मग मला एका बाईंबद्दल सांगितलं. फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस. दुसऱ्या महायुद्धात, आजच्या चेक देशातल्या तेरेझीनच्या ज्यू वस्तीत कोंडलेल्या मुलांना त्या चोरूनमारून चित्रकला शिकवायच्या. प्रत्येक कागदावर मुलाला स्वतःचं नाव घालायला लावायच्या. 1944 च्या शरदात त्यांना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. जाण्याआधी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून लपवली होती. त्या परत आल्या नाहीत, बहुतेक मुलंही आली नाहीत. चित्रं आज प्रागमध्ये आहेत, नावांसकट.

हे ऐकताना मला 2019 चा ऑगस्ट आठवला. महापूर आणि युद्ध एका मापाने मोजू नये हे मला कळतं. पाणी कुणाचा जीव घ्यायचा ठरवून येत नाही. पण तू तेव्हा 8 वर्षांचा होतास, आणि पूरग्रस्तांच्या छावणीतल्या शाळेत कुणीतरी मेणाचे खडू वाटले होते. तू पानभर तपकिरी पाणी काढलंस, खडू झिजून संपेपर्यंत. पाण्यातून वर आलेली दोन शिंगं. कोपऱ्यात होडी, होडीत आपण पाच जण, आणि पाचही जणांची तोंडं शिंगांकडे. आबांनी बाकीची जनावरं सोडली होती, गौरीचं दावं सुटलं नव्हतं. तुझी त्या चित्रातली माणसं पुतळ्यासारखी नव्हती रे. आबा तर होडीतून निम्मे बाहेर वाकले होते.

आणि मी काय केलं? कागद तुझ्या हातातून घेतला. "असलं काढू नये, आजी बघेल तर रडेल, छान इंद्रधनुष्य काढ." तू काढलंस. तेच मी सगळ्यांना दाखवत फिरले. गौरीबद्दल तू त्यानंतर कधी काही बोलला नाहीस, आणि मला वाटलं, पोरगं विसरलं, बरं झालं. माझं चुकलं, बाळा. तुला जे दिसलं होतं ते तू दाखवत होतास आणि मी बघायला तयार नव्हते.

तो कागद मी फाडलेला नाही. आबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांची प्लॅस्टिकची पिशवी आहे, तिच्यात तळाला घडी करून ठेवलाय. आजीकडून किल्ली माग. घडी हळू उघड, खडूचं मेण चिकटलं असेल. मागच्या बाजूला पेन्सिलीने तुझं नाव लिही, वय 8, ऑगस्ट 2019. गौरीचंही नाव लिही. मग आजीला दाखव. रडली तर रडू दे, तिच्याजवळ बस.

तुझी,
आई