रुंदी मोजता, मग चढही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धनकवडीकडून आंबेगाव पठाराकडे चढणाऱ्या एका गल्लीत मी 24 वर्षे राहतो. आमच्याकडची चार बैठी घरे पाडून तिथे पार्किंग अधिक सात मजल्यांची इमारत उभी राहते आहे. इमारतीला माझा विरोध नाही. आम्हीही कधीतरी इथे नवे होतो, आणि आमच्यासाठीही कुणाच्या तरी शेतात पाया खणला गेला. पण तिथल्या गाड्या ज्या रस्त्याने चढणार-उतरणार, त्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

परवा शेजारच्या गवंडीकाकांची लेव्हल ट्यूब मागून घेतली. पाणी भरलेल्या नळीचे एक टोक त्यांनी धरले, दुसरे मी, आणि गल्लीचा मधला टप्पा मोजला. दहा मीटरला सव्वा मीटर चढ, म्हणजे शंभराला साडेबारा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट भागातल्या रस्त्याला अगदी अपवाद म्हणून शंभराला पावणेसातच्या आसपास चढ चालतो आणि तीव्र डोंगराळ भागातल्या घाटरस्त्याला शंभराला आठ. आमची गल्ली घाटापेक्षा उभी आहे. रुंदी टेपने मोजली तर गटाराच्या कडेपासून कडेपर्यंत 5 मीटर 40 सेंटिमीटर, त्यातही एका बाजूला दुचाक्या लावलेल्या.

गेल्या आषाढात पाण्याचा टँकर चढताना मध्येच बंद पडला. अशा चढावर क्लीनर हातात दगड घेऊन टँकरच्या मागून चालतच असतो. त्याने तो चाकामागे टाकला, पण ओल्या रस्त्यावर दगडच घसरला. टँकर दहा-बारा फूट मागे आला आणि विजेच्या खांबाला टेकून थांबला. त्याच्या मागे माझी सून स्कूटरवर होती. स्कूटर तिथेच टाकून तिने गटारात उडी मारली म्हणून वाचली. गुडघ्याला प्लास्टर सहा आठवडे होते. अजूनही मागे क्लच जळाल्याचा वास आला की ती थबकते.

आता त्याच चढावर काँक्रीटचे मिक्सर येऊ लागले आहेत. सांडलेली खडी आणि कच रस्त्यावर तशीच पसरलेली असते, आणि त्यावर ब्रेक मारलेली दुचाकी हमखास घसरते. उतारावर वजनदार गाडी हाताबाहेर गेली की काय होते, ते नवले पुलाजवळच्या साखळी अपघाताने पुणेकरांना नोव्हेंबर 2022 मध्ये दाखवले आहे. तो तर महामार्ग होता. आमच्याकडे बाजूला व्हायलाही जागा नाही. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. पण वाट द्यायची म्हणजे कुणाच्या तरी ओट्यावरच गाडी चढवावी लागते.

परवानगीच्या नियमांत रस्त्याच्या रुंदीला फार महत्त्व आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, नऊ मीटर झाला की येतो. म्हणूनच 2020 मध्ये शहरातले सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय एवढा गाजला. पण एका प्लॉटसमोर दीड मीटर जागा सोडून रस्ता फक्त तेवढ्यापुरता रुंद होतो. खालचा दोनशे मीटरचा चढ होता तसाच राहतो. एकास पाचपेक्षा (पाच मीटरला एक मीटर) जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम करता येत नाही, हे नियमात लिहिले आहे. मग त्या जमिनीपर्यंत नेणाऱ्या रस्त्याच्या चढाला तसा काही हिशेब का नसावा? आवारात अग्निशमनाचा बंब कसा फिरेल हे नकाशात दाखवतात. तो आवारापर्यंत चढेल की नाही, हे आधी बघायला नको का?

या नव्या इमारतीचे फाटक तर नकाशात नेमके वळणाच्या वर, सर्वांत उभ्या जागी काढले आहे. बाहेर पडणाऱ्या गाडीचे तोंड आभाळाकडे असते. बॉनेटपलीकडून शाळेला निघालेले पोर दिसणारच नाही. फाटक प्लॉटच्या खालच्या कोपऱ्याला घ्यावे, आत निदान एका गाडीच्या लांबीएवढा सपाट भाग सोडावा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी मिक्सर येऊ देऊ नयेत. भोगवटा पत्र (इमारत वापरायची परवानगी) देण्याआधी वाहतूक पोलिसांसह अधिकाऱ्यांनी इथे प्रत्यक्ष यावे, तेही पाऊस पडत असताना, आणि गाडी घेऊन एकदा चढून बघावे.

कुंपणाची भिंत अजून बांधलेली नाही, फक्त चुन्याची रेघ मारली आहे. फाटक दहा मीटर खाली घ्यायला आज सुधारित नकाशा पुरेल. स्लॅब पडल्यावर ते कुणालाच हलवता येणार नाही.

आपला,
एक रहिवासी,
आंबेगाव पठार, पुणे