फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर मधेच बंद पडतो आणि पडद्यावर मेमरीच्या नावाने काहीतरी येतं, एवढं ऐकून कुणी ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणालं, तर आधी थांबवा. रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरीची पट्टी, खराब असेल तर नव्याने टाकलेलं विंडोजही त्याच रॅममधून डिस्कवर उतरतं. पैसे जातात, फोटो जातात आणि दुखणं राहतंच.

आई, कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेव. तारीख, त्या वेळी काय चालू होतं आणि पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. मोबाइलने फोटो काढलास तर अजून बरं, कारण मेमरीच्या नावाखाली तीन निरनिराळी दुखणी येतात आणि औषध प्रत्येकाचं वेगळं आहे.

पहिलं साधं. ‘मेमरी कमी आहे’ अशी चौकट येते, पण मशीन चालू असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो आणि बहुतेक वेळा तो ब्राउझरच असतो. नको ते टॅब बंद करा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला नाही ना, तेही बघा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच्या पेजिंग फाइलचा आधार घेतं आणि तिला वाढायला जागा लागते. व्हर्च्युअल मेमरीच्या (म्हणजे याच पेजिंग फाइलच्या) सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ला टिक असू द्या, आकडे हाताने भरू नका.

दुसरं म्हणजे ‘द मेमरी कुड नॉट बी रेड’. हा संदेश दर वेळी एकाच प्रोग्रॅमवर येत असेल तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा. तो काढून नव्याने टाका. आज या प्रोग्रॅमवर, उद्या त्या, असं होत असेल तर मात्र संशय रॅमवर.

तिसरं खरं त्रासाचं. अख्खं मशीन थांबतं, निळा पडदा येतो (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत तो काळा असतो) आणि खाली स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, दिसतो. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हे नेहमीचे. कोडसोबत ‘व्हॉट फेल्ड’ म्हणून एकाच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर तो ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आधी बदलायचा. कोड दर वेळी वेगळा असेल तर रॅम तपासायला घ्या. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: विंडोजच्या खऱ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला तर ती फसवणूक आहे. फोन लावायचा नाही, मशीन बंद करायचं.

रॅमचा संशय आला की फोटो-कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, पण कॉपी करा, कट नको. खराब रॅममधून जाताना फाइल बिघडू शकते, म्हणून मूळ जागेवरची हलवायची नाही, आणि जुना चांगला बॅकअप असेल तर त्यावर नवा चढवायचा नाही.

आता तपासणी. स्टार्ट उघडून इंग्रजीत ‘मेमरी’ टाइप केलं की विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक दिसेल. रीस्टार्टचा पर्याय निवडा. निळ्या पडद्यावर चाचणी सुरू झाली की एफ १ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा आणि एफ १० दाबा. ही चाचणी काही तास चालते. टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ अडून राहतात, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. रात्री लावून झोपलेलं उत्तम. निकालाची सूचना नाही दिसली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवहीच ती) सिस्टिमच्या नोंदीत सापडते.

ही चाचणी ढोबळ आहे. तिने ‘ठीक’ म्हटलं म्हणून रॅम सुटली असं नाही. म्हणून पुढे मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा वेगळा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवायचा. त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामा घ्या. फुकटच्या आवृत्तीत ४ फेऱ्या होतात, त्या पूर्ण होऊ द्या. एक जरी चूक दाखवली तरी ती चूकच. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडायची नाही.

चूक निघाली की लगेच नवी रॅम आणू नका. बाबा, हे काम तुमचं. मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. रॅमच्या पट्टीच्या टोकांच्या क्लिपा उघडा, पट्टी कडेने धरून सरळ वर काढा. सोनेरी भागाला बोट लावायचं नाही. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसून पूर्ण वाळू द्या. खोडरबराने घासतात, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, मला ते पटत नाही. बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकं क्लिप ‘कट’ म्हणेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पट्टी हे या दुखण्याचं नेहमीचं कारण आहे.

तरीही चूक येत असेल तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. मग चूक देणारी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. तिथेही चूक आली तर पट्टी गेली. तिथे ठीक चालली आणि दुसरी पट्टीही पहिल्या स्लॉटमध्ये अडली, तर दोष बहुधा स्लॉटचा, म्हणजे मदरबोर्डचा (सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीचा). एका वेळी एकच बदल, आणि लगेच वहीत नोंद. नाहीतर कशाने बरं झालं ते कळतच नाही.

आणखी एक जागा बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगची. तिथे एक्सएमपी नावाचा रॅमचा पर्याय चालू असेल तर बंद करून पुन्हा चाचणी घ्या. तो रॅमला नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवतो आणि प्रत्येक मशीनला ते झेपत नाही. तुमच्या मेल-फोटोंच्या कामात फरक जाणवणार नाही.

नवी घ्यायची झालीच तर पट्टीवरचं लेबल बघून तोच प्रकार घ्या. डीडीआर ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. दोन पट्ट्या हव्या असतील तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. जुनीची वॉरंटी मात्र आधी बघा, बऱ्याच कंपन्या रॅमला लांबची वॉरंटी देतात. नवी बसवल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू व्हायला वेळ लागू शकतो, विशेषतः डीडीआर ५ असेल तर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. लगेच बंद करू नका.

नव्या रॅमवर पुन्हा पूर्ण चाचणी घ्या. ती निर्दोष निघाली की कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारा सिस्टिम फाइल चेकर चालवू, कारण खराब रॅमने विंडोजच्या काही फायली बिघडवल्या असू शकतात. तो आदेश इंग्रजीत टाइप करावा लागतो, तेव्हा त्या वेळी मला फोन करा आणि वही जवळ ठेवा.

तुमची लाडकी