मेसच्या काकूंना, खाड्यांच्या वहीबद्दल

काकू, नमस्कार.

हे पत्र हातात दिलं असतं तर "आधी जेव, मग बघू" म्हणत तुम्ही ते पिठाच्या डब्याखाली सारलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय. ताई वाचून दाखवेलच.

गेल्या दिवाळीनंतर माझे तीन विषय राहिले होते, त्यात एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, दुसऱ्यांदा. गावी आटपाडीला डाळिंबावर तेल्या रोग पडलेला, त्यामुळं आण्णांना सांगायचं धाडस होईना. रात्री तीनपर्यंत कॉफी पीत पुस्तक उघडं ठेवून बसायचं, वर्गात डुलक्या काढायच्या आणि मेसला दांडी. इथं सांगलीत विश्रामबागेतल्या रूमवर आम्ही तिघं राहतो, पण कुणाच्या काही लक्षात आलं नाही. तुम्हाला वहीवरून कळलं. "अकरा खाडे झाले तुझे या महिन्यात. गावाला तर गेला नाहीस, मग जेवतोस कुठं?" बाकी सगळे "टेन्शन घेऊ नको" म्हणायचे. (न घेण्याची सोय असती तर कोण घेतं?) तुम्ही खाड्यांचं विचारलंत, म्हणून मला उत्तर देता आलं.

आणि ती रात्र. छाती धडधडतेय, बोटांना मुंग्या, श्वास पुरत नाही. हार्ट अटॅकच, असं धरून मी पहाटे तुमच्या पायरीवर येऊन बसलो. तुम्ही शटर अर्धं वर केलंत, बघितलंत आणि कणकेचे हात तसेच ठेवून शेजारी बसलात. सकाळी डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेतही तुम्हीच. त्या दुपारी मेसमध्ये नुसती खिचडी होती. पोरांनी घातलेल्या शिव्या खरं तर माझ्या वाट्याच्या.

तिथल्या मॅडमनी समजावलं तेव्हा जीव भांड्यात पडला. घाबरून श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात. हा भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) दहाएक मिनिटांत शिखराला जातो आणि उतरतो. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणून दुपारनंतर कॉफी बंद. आणि सकाळी उजेडात चालायचं.

ते शेवटचं तुम्ही फारच मनावर घेतलंत. रोज सहाला तुमच्या स्कूटीवर मागं बसून मंडईत, येताना मेथीच्या पेंढ्या माझ्या मांडीवर. मला वाटलं, काकूंना फुकटचा हमाल मिळाला. एकदा आयर्विन पुलावर थांबलात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी इथं ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. तुमची गावभागातली जुनी मेस त्यातच गेली, हे मला तेव्हा कळलं. "नंतर महिनाभर मलाबी असंच धडधडायचं," एवढंच बोललात आणि स्कूटी चालू केलीत.

आण्णांना फोनही तुम्हीच लावायला लावलात, ताटावर बसवून. ते गप्प राहिले आणि म्हणाले, "परत फॉर्म भरायला किती लागतात?" मी तीन महिने ज्याला भीत होतो तो फोन दोन मिनिटांत संपला.

एम-थ्री निघाला. एक विषय अजून आहे. धडधड अधूनमधून होते, पण आता मी उठून आकडे मोजत श्वास सोडतो. "रविवारी रात्री मेस बंद" या पाटीखाली तुम्ही मार्करनं १४४१६ लिहून ठेवलंय, ते टेलि-मानसचं, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचं, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. परवा फर्स्ट इयरचा एक पोरगा त्याचा फोटो काढत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

काकू, मनापासून आभार. तुमची शेपूची भाजी सोडून सगळ्याबद्दल.

आणि या शनिवार-रविवारी गावी चाललोय. दोन खाडे मांडा.

तुमचा,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा