निकालाआधी पाच नावं कळू द्या

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील अभिनयाची नामांकनं जाहीर करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि काही दिवसांतच मल्याळम अभिनेत्री उर्वशी यांनी एक सरळ प्रश्न जाहीरपणे विचारला. 'उळ्ळोळुक्कु'साठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता, तोही विभागून. ज्यांनी हा चित्रपट पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की तो उर्वशी आणि पार्वती या दोघींच्या खांद्यावर उभा आहे. मग त्या सहाय्यक कशा? याच वेळी सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळालेले विजयराघवन घ्या. 'पूक्कालम' या चित्रपटात सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते, मग ते सहाय्यक कसे? प्रमुख कोण आणि सहाय्यक कोण, हे ठरवण्याचा निकष तरी कोणता?

परीक्षकांच्या आवडीनिवडीशी मला भांडायचं नाही. अकरा जाणकार माणसं एका खोलीत बसली की बाराव्याचं मत वेगळं असणारच. मला खटकतं ते हे, की हा प्रश्न निकालाच्या आधी विचारायची सोयच आपल्या पद्धतीत नाही. निर्माता अर्ज भरतो, विभागीय समित्या चित्रपट पाहतात, मग केंद्रीय समिती पाहते, अहवाल मंत्रालयाकडे जातो आणि एके दिवशी पत्रकार परिषदेत थेट विजेत्याचं नाव वाचलं जातं. क्वचित एखादा विशेष उल्लेख सोडला, तर बाकी कोणाचा विचार झाला याचा पत्ता लागत नाही. उपेंद्र लिमये यांना 'जोगवा'साठी, गिरीश कुलकर्णी यांना 'देऊळ'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तेव्हा मराठी माणसाला आनंद झाला. पण त्या त्या वर्षी त्यांच्यासोबत शेवटच्या चर्चेत कोण होतं? एखादा आसामी नट असेल, एखादा तुळू. त्याला स्वतःलाही ते कधी कळलं नसेल.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे : अभिनयाच्या चारही पुरस्कारांसाठी प्रत्येकी पाच नामांकनं आधी जाहीर करा. यात जगावेगळं काही नाही. महाराष्ट्राच्या राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत प्राथमिक फेरीनंतर नामांकनं जाहीर होतातच.

यावर मंत्रालयातून कोणतं उत्तर येईल, याचा अंदाज आहे. नामांकनं आली की प्रचार येतो, प्रचार आला की पैसा येतो, ऑस्करचं काय झालंय पाहा. तर पाहूच.

ऑस्करमध्ये अभिनयाची नामांकनं, हे पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे फक्त अभिनेते-सदस्य ठरवतात. ते साधारण तेराशे. प्रत्येकाने आपल्या पसंतीची पाच नावं क्रमाने लिहायची. एकूण मतपत्रिकांना सहाने भागून जो आकडा येतो त्याच्या थोडं वर गेलं की नामांकन पक्कं. म्हणजे सगळ्यांनी मतदान केलं तरी सव्वादोनशेच्या आतच काम होतं. हे गणित ज्याला कळलं त्याला प्रचार कळला. सगळ्यांना थोडंथोडं आवडून उपयोग नाही, दोनशे-सव्वादोनशे जणांनी आपल्याला पहिल्या क्रमांकावर लिहायला हवं. २०२३ मध्ये अँड्रिया राइसबरो यांना 'टू लेस्ली'साठी नामांकन मिळालं ते असंच. चित्रपटाची कमाई जेमतेम २७ हजार डॉलर, जाहिरातीला बळ नाही. पण केट विन्स्लेट, एडवर्ड नॉर्टन अशा नामवंतांनी उघडपणे कौतुक केलं आणि सहकाऱ्यांपर्यंत शब्द पोचला. लगेच ओरड झाली. अकादमीने चौकशी केली, नामांकन कायम ठेवलं, पण समाजमाध्यमांवरच्या प्रचाराचे नियम त्याच वर्षी बदलले. हे सगळं जगासमोर झालं. आपल्याकडे असं काही घडलं, तर ते कोणत्या दाराआड घडेल आणि कोणता नियम बदलेल?

उघड्यावरच्या प्रचाराचा आणखी एक फायदा : तो अंगलट आला तर सगळ्यांना दिसतं. 'द अलामो'साठी सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन मिळालेल्या चिल विल्स यांनी १९६१ मध्ये अकादमीच्या सदस्यांची नावं छापून जाहिरात दिली, की जिंकलो काय नि हरलो काय, तुम्ही सगळे माझे भाऊबंदच. विनोदी अभिनेते ग्राउचो मार्क्स यांनी उलट जाहिरात दिली, की तुमचा भाऊबंद झाल्याचा आनंद आहे, पण मत मी सॅल मिनिओला (विल्स यांच्याच विभागातला दुसरा नामांकित) दिलंय. शेवटी पुरस्कार विल्स आणि मिनिओ दोघांनाही मिळाला नाही, तो पीटर उस्तिनोव्ह घेऊन गेले. असा मस्का छापून आला तर लोक हसून सोडून देतात. फोनवर लावला तर कोण हसणार?

आणि प्रमुख-सहाय्यकचा घोळ तिथे नाही असं अजिबात नाही. 'द रीडर'च्या वेळी निर्मात्यांनी केट विन्स्लेट यांचा प्रचार सहाय्यक म्हणून केला, सदस्यांनी तो मानला नाही, त्यांना प्रमुख भूमिकेचं नामांकन दिलं आणि त्या जिंकल्याही. उलट २०२१ मध्ये 'जुडास अँड द ब्लॅक मसाया'चे दोन्ही मुख्य नट सहाय्यक ठरले. मग चित्रपटात प्रमुख कोण होतं, हे देवालाच ठाऊक. पण वाद झाला तो निकालाच्या आधी झाला. उर्वशींना तो पुरस्कार हातात पडल्यावर घालावा लागला, आणि पुरस्कार मिळूनही तक्रार करणारी बाई म्हणून वर बोलणीही खावी लागली.

आता तुमची खरी अडचण. ऑस्करला मतदार हजारोंनी, आपल्याकडे दहा-अकरा. पाच नावं फुटली आणि निर्णय बाकी असला तर परीक्षकांचे फोन थांबणार नाहीत, हे मान्य. म्हणून परीक्षकांनी नामांकनं आणि विजेता एकाच बैठकीत ठरवावा, विजेत्याचं नाव मोहोरबंद करावं आणि पाच नावं त्याच दिवशी जाहीर करावीत. निर्णय झालेलाच आहे म्हटल्यावर गळ घालणार कोणाला? वेळही हाताशी आहे. २०२५ मध्ये घोषणा १ ऑगस्टला झाली आणि राष्ट्रपतींच्या हस्ते वितरण २३ सप्टेंबरला. या सात आठवड्यांतले पहिले तीन-चार नामांकनांना द्या, मग विजेता सांगा. राष्ट्रपतींसमोर चौघांना रिकाम्या हाताने बसवायची गरज नाही. पाकीट चुकीचं उघडलं तर, अशी भीती असेल, तर ते २०१७ मध्ये ऑस्करलाही झालं आणि त्यातून सगळे सुखरूप बाहेर पडले.

वर्गवारीचा निकष मात्र नियमावलीतच यायला हवा. निर्मात्याने अर्जातच नट कोणत्या गटात येतो हे लिहावं. परीक्षकांना ते बदलायचा अधिकार असावा, पण बदललं तर दोन ओळींचं कारण छापावं. कारण लिहावं लागलं की माणूस दोनदा विचार करतो.

त्या तीन-चार आठवड्यांत नामांकित भूमिकांचे चित्रपट निर्मात्यांच्या संमतीने प्रसार भारतीच्या 'वेव्हज' या ओटीटीवर आणि दूरदर्शनवर दाखवता येतील. एकेकाळी रविवारी दुपारी दूरदर्शनवर निरनिराळ्या भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट लागायचे. बंगाली, मल्याळी नटांची ओळख आमच्यापैकी अनेकांना तिथेच झाली. अर्थात ७१ वे पुरस्कार २०२३ च्या चित्रपटांचे होते. इतका उशीर झाल्यावर नामांकनाने चित्रपटगृहात खेळ वाढणार नाहीत, हे मला कळतं. ते वेळापत्रक दुरुस्त व्हायलाच हवं, पण तोवर हे अडवून ठेवू नये. नटाला पुढचं काम मिळायला त्याच्या नावापुढची ती एक ओळ पुरते.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. पुढच्या पुरस्कारांची नियमावली निघेल तेव्हा त्यात दोन कलमं वाढवावी लागतील. ती वाढवणार की नाही आणि नसाल तर का, एवढं तरी जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

आपला,
एक चित्रपटप्रेमी